आधी स्टेम मोज, मग हँडलबार घे

जुन्या रेसिंग सायकलला हँडलबार घ्यायच्या आधी स्टेमच्या, म्हणजे हँडलबार धरून ठेवणाऱ्या तुकड्याच्या, पकडीचा व्यास व्हर्नियरने मोज. 25.4, 26.0 आणि जुन्या चिनेल्लीचा (इटालियन कंपनी) 26.4 मिमी, डोळ्यांना सगळे सारखेच दिसतात. पण 26.4 च्या स्टेममध्ये 26.0 चा बार कितीही आवळला तरी उभं राहून पेडल मारताना कुरकुरतो, हळूच फिरतोही. पत्र्याची पट्टी घालून भागवू नकोस, हात त्याच्यावरच टेकलेले असतात बाबा.

डाउनट्यूबवरचे, म्हणजे फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवरचे, फ्रिक्शन शिफ्टर (गिअर बदलायचे लिव्हर) काढायची घाई नको. त्यांना खाचा नसतात, म्हणून मागे पाच गिअर असोत की सात, चालतात. साखळी खरखरली की लिव्हर केसभर सरकव, आवाज थांबतो. हात खाली न्यायची भीती वाटत असेल तर बार-एंड, म्हणजे हँडलबारच्या टोकाला बसणारे शिफ्टर घे. ब्रेक लिव्हरमधल्या शिफ्टरला मात्र गिअर जुळणारेच लागतात.