परस्पर संरक्षणाचा तह असूनही मित्रराष्ट्रे युद्धात उतरली नाहीत, तर ते वाचकाला पटेल का?

तुमच्या कादंबरीतल्या कल्पित जगात पाच किनारी राष्ट्रांनी ‘एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला’ असा तह केला आहे. त्यांपैकी एकाच्या दूरच्या वसाहतीत शेजारी देश सैन्य घुसवतो, उरलेली चार राष्ट्रे स्वस्थ बसतात, आणि वाचकाला हे खोटे वाटेल अशी तुम्हाला धास्ती आहे. मी गोव्याचा रहिवासी आहे, त्यामुळे मला त्यात खोटे काहीच वाटत नाही. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य पोर्तुगालच्या ताब्यातील गोव्यात शिरले, तेव्हा आमच्याकडे बरेचसे असेच घडले. मात्र मित्रराष्ट्रे का आली नाहीत याची बीजे तहांच्या मजकुरातच होती, म्हणून तुमच्याही कथेत ती सैन्य शिरते त्या प्रकरणात नव्हे, सह्या होतात त्या प्रकरणात दिसली पाहिजेत.

पोर्तुगाल १९४९ साली नाटो या लष्करी युतीच्या बारा संस्थापक राष्ट्रांमध्ये होता. त्या कराराचे ‘एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा’ हे पाचवे कलम सर्वांना तोंडपाठ असते. सहावे फारसे कोणी वाचत नाही. हे संरक्षण कोणत्या भूभागाला लागू आहे, ते सहाव्या कलमात लिहिले आहे: युरोप आणि उत्तर अमेरिकेतील सदस्यांचा प्रदेश, तसेच कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील उत्तर अटलांटिकमधील बेटे. गोवा यात कुठेच बसत नव्हता. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांच्या सरकारने १९५१ मध्ये घटना बदलून वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ म्हणायला सुरुवात केली, तरी त्या शब्दबदलाने कलमातला नकाशा काही बदलला नाही. गंमत अशी की त्याच कलमात फ्रान्सच्या ताब्यातील अल्जीरियाचा नावानिशी समावेश होता, कारण फ्रान्सने तसा आग्रह धरला होता आणि त्याचा आग्रह मोडणे इतरांना परवडणारे नव्हते. तुमच्या पाच राष्ट्रांपैकी कोणाची दूरची जमीन तहात शिरली आणि कोणाची बाहेर राहिली, एवढे ठरवले तरी त्यांच्यातले खरे बलाबल एका पानात दाखवता येईल.

पाचव्या कलमातही आपोआप युद्ध होईल असे म्हटलेले नाही. प्रत्येक सदस्याने ‘आवश्यक वाटेल ती’ कृती करावी, एवढेच बंधन त्यात आहे. ही पळवाट तुम्हीही जरूर ठेवा, पण कथेचा सगळा भार तिच्यावर टाकू नका.

मला त्याहून मोलाची वाटते ती दोन वचनांची टक्कर. ब्रिटन आणि पोर्तुगाल यांचा मैत्रीचा तह १३७३ सालचा आहे. पुढे १६६१ च्या ज्या विवाह-तहाने मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, त्याच्याच एका गुप्त कलमात पोर्तुगालच्या सर्व वसाहतींचे आजच्या आणि उद्याच्या शत्रूंपासून रक्षण करण्याची हमी इंग्लंडच्या राजाने दिली होती, आणि १८९९ मध्ये ती पुन्हा दुजोरा देऊन पक्की करण्यात आली. म्हणजे नाटोच्या करारात नसलेला गोवा या जुन्या कागदात निश्चितपणे होता. पण १९६१ पर्यंत भारत राष्ट्रकुलाचा सदस्य झालेला होता, आणि राष्ट्रकुलातील देशाविरुद्ध आपण शस्त्र उचलू शकत नाही, असे ब्रिटनने लिस्बनला कळवले. याच ब्रिटनच्या माणसांनी मार्च १९४३ मध्ये तटस्थ पोर्तुगालच्या मुरगाव बंदरात शिरून ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर छापा घातला होता. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात चर्चिल यांनी १३७३ च्या तहाचा हवाला देत अटलांटिकमधील पोर्तुगीज अझोर्स बेटांवर तळ मिळाल्याचे संसदेत जाहीर केले होते. तह तोच, पण तो केव्हा आठवायचा हे बलवान मित्र ठरवतो.

मित्रांनी काहीच केले नाही, असेही नाही. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान या नाटोच्याच चार सदस्यांनी युद्धबंदी आणि भारतीय सैन्याच्या माघारीचा ठराव मांडला. त्याला सात विरुद्ध चार मते मिळाली आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला. विरोधात सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त) हेही होते. वर्षभरापूर्वीच संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतवाद संपवण्याचा ठराव केला होता, त्यामुळे लिस्बन ज्याला आक्रमण म्हणत होते ते जगातल्या पुष्कळ देशांना, आणि अर्थातच आम्हाला, मुक्ती वाटत होते. तुमच्या वसाहतीतल्या लोकांना काय हवे आहे, हे प्रश्नात कुठेच आलेले नाही. ते ठरवल्याशिवाय मित्रराष्ट्रांचा संकोच वाचकाला कळणार नाही.

काळाचाही विचार करा. सालाझार यांनी १४ डिसेंबरच्या संदेशात आपले सैनिक एकतर विजयी होतील किंवा मरतील, असे बजावले होते; गोव्याचे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी १९ तारखेला शरणागती पत्करली. सगळा मामला दोन दिवसांत आटोपला. एवढ्या वेळात मदत पाठवायची इच्छा असती, तरी आरमार अर्ध्या वाटेवरही पोहोचले नसते.

चारही राष्ट्रांनी एकाच कारणासाठी अंग काढून घेणे मात्र मला कृत्रिम वाटेल. एखाद्याने शत्रूशी परस्पर तडजोड केलेली दाखवा. आपल्याकडे १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून आंग्र्यांच्या अलिबागजवळील कुलाबा किल्ल्यावर चालून गेले; पहिला बाजीराव मदतीला येताच पोर्तुगीजांनी जानेवारी १७२२ मध्ये मराठ्यांशी वेगळा तह केला आणि इंग्रज एकटे पडले.

राहिला प्रश्न मित्रांनी वाऱ्यावर सोडलेल्या राष्ट्राचा. ते रागाने तहातून बाहेर पडेल, असे तुम्ही गृहीत धरलेले दिसते. पोर्तुगाल नाटोतून बाहेर पडला नाही. अंगोला या आफ्रिकेतील वसाहतीवरून अमेरिकेशी त्याचे आधीच बिनसले होते, त्यात गोव्याची भर पडली. अझोर्समधील अमेरिकी तळाच्या कराराची मुदत १९६२ अखेर संपली, तेव्हा सालाझार यांनी तळ बंद केला नाही आणि नवा करारही केला नाही. अमेरिकेला त्यांनी नुसत्या तात्पुरत्या परवानगीवर टांगून ठेवले. तुमच्या पाचव्या राष्ट्राकडेही मित्रांना हवे असलेले असे एखादे बेट असेल, तर कादंबरीचा उत्तरार्ध तिथून सुरू करता येईल.