इतक्या नव्या इमारती होऊनही मॅडिसनमध्ये भाडं का उतरत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगी अमेरिकेत मॅडिसनला, विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकते. डाऊनटाऊनमध्ये जिकडे बघावं तिकडे क्रेन आहेत, जुन्या घरांच्या जागी दहा-बारा मजली इमारती होताहेत, तरी खोलीचं भाडं दरवर्षी चढतंच. एवढं बांधकाम होऊनही असं का, आणि हे गावासाठी चांगलं की वाईट?

मी 2006 साली याच गावात शिकायला आलो आणि पुढे इथेच राहिलो. ज्या गल्ल्यांत विद्यार्थी म्हणून राहिलो त्यातल्या दोन आज ओळखूही येत नाहीत. नव्या बांधकामांचे आराखडे तपासणाऱ्या शहराच्या प्लॅन कमिशनच्या बैठकांना मी अनेकदा जाऊन बसलोय, त्यामुळे या विषयावर मला बरंच बोलायचं असतं. थोडक्यात उत्तर द्यायचं तर, नव्या इमारतींमुळे भाडं वाढलेलं नाही. इमारती कमी पडताहेत. आणि त्या चार गल्ल्यांतच एकावर एक रचल्या जाताहेत, कारण बाकीच्या गावाने विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं दार उघडलं नाही.

आधी जागेचं बघा. मॅडिसनचं डाऊनटाऊन म्हणजे मेंडोटा आणि मोनोना या दोन तलावांच्या मधली चिंचोळी पट्टी. काही ठिकाणी ती मैलभरही रुंद नाही. एका टोकाला विद्यापीठ, मध्यावर राज्याचं कॅपिटॉल, म्हणजे घुमटाचं विधानभवन, आणि दोघांना जोडणारी स्टेट स्ट्रीट. या पट्टीला बाजूला पसरायला वावच नाही, दोन्हीकडे पाणी. मी आलो तेव्हा विद्यापीठात चाळीस-एक्केचाळीस हजार विद्यार्थी होते; आता आकडा 50 हजारांच्या पुढे गेलाय. विद्यापीठाची होस्टेलं मुख्यतः पहिल्या वर्षाच्या मुलांनी भरतात, बाकीच्यांनी आपापलं बघायचं. शहराची लोकसंख्या 2010 च्या जनगणनेत 2,33,209 होती, ती 2020 मध्ये 2,69,840 झाली. त्यात शेजारच्या व्हेरोनामधल्या एपिकसारख्या सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरी करणारी तरुण मंडळी आहेत, आणि त्यांनाही डाऊनटाऊनमध्येच राहायचं असतं. तुमच्या मुलीची भाड्याची स्पर्धा फक्त वर्गातल्या मुलांशी नाही, पगारदारांशीही आहे.

मग ही मुलं गावात इतरत्र का पांगत नाहीत? इथे कायदा आडवा येतो, आणि हा भाग फारसं कोणी सांगत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांच्या गावांत निवासी वस्त्यांचा मोठा भाग एका कुटुंबाच्या एका घरासाठी राखून ठेवलेला असतो. त्यावर बऱ्याच ठिकाणी आणखी एक अट असते: एकमेकांशी नातं नसलेली अमुक इतकीच माणसं एका घरात राहू शकतात. न्यूयॉर्क राज्यात बेल टेअर नावाचं एक छोटंसं गाव आहे. तिथे स्टोनी ब्रूक विद्यापीठाच्या सहा विद्यार्थ्यांनी मिळून एक घर भाड्याने घेतलं. गावाचा नियम होता की नात्यात नसलेली दोनच माणसं एकत्र राहू शकतात. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1974 मध्ये न्यायालयाने गावाच्या बाजूने कौल दिला. त्या निकालाने देशभरातल्या अशा नियमांना कायद्याचं पाठबळ मिळालं. मॅडिसनमध्येही अनेक वस्त्यांत भाडेकरूंसाठीची मर्यादा घरमालकांपेक्षा कडक होती. तो भेद शहराने मार्च 2023 मध्ये काढला. म्हणजे मी आलो तेव्हापासून तब्बल सतरा वर्षं मोठमोठी, अर्धी रिकामी घरं त्या वस्त्यांत तशीच होती आणि मुलं मात्र डाऊनटाऊनच्या जुनाट लाकडी घरांत कोंबलेली होती. याचा मला तेव्हाही राग यायचा, अजूनही येतो.

उंचीचीही एक गोष्ट आहे. कॅपिटॉलपासून मैलभराच्या आत कोणतीही इमारत घुमटाखालच्या खांबांच्या पायथ्यापेक्षा उंच जाऊ शकत नाही. शहराने 1966 मध्ये हा नियम केला, 1990 मध्ये राज्याने त्याचा कायदा केला. तलावाच्या पलीकडून पाहिलं की घुमट आभाळात एकटा दिसतो, आणि तो तसाच दिसावा असं मलाही मनापासून वाटतं. पण याचा परिणाम असा की प्रत्येक बिल्डर त्या अदृश्य छतापर्यंत प्लॉटचा कोपरान् कोपरा भरून काढतो. इमारती उंच सुळक्यांसारख्या होत नाहीत, रुंद ठोकळ्यांसारख्या होतात. कॉलोराडोतल्या बोल्डरने तर 1971 मध्ये मतदानानेच उंचीला 55 फुटांची मर्यादा घातली. डोंगर छान दिसतात, पण तिथे काम करणाऱ्या कितीतरी जणांना राहायला मात्र शेजारच्या गावांत जावं लागतं.

तुम्ही विचाराल, शहर इतक्या भराभर परवानग्या का देतं? विद्यापीठाच्या जमिनीवर मालमत्ता कर लागत नाही, कॅपिटॉलवर लागत नाही. डाऊनटाऊनचा मोठा तुकडा असा करमुक्त आहे. आणि विस्कॉन्सिनच्या कायद्याप्रमाणे शहराला मालमत्ता कराची वसुली साधारण तेवढ्याच टक्क्यांनी वाढवता येते, जेवढ्या टक्क्यांची नवी बांधकामं त्या वर्षी झाली. त्याहून जास्त हवं असेल तर मतदारांकडे जावं लागतं. नोव्हेंबर 2024 मध्ये मॅडिसनला तसं जावंच लागलं, आणि मतदारांनी 2 कोटी 20 लाख डॉलरची वाढ मंजूर केली. म्हणजे बर्फ उपसणाऱ्या गाड्यांचा, अग्निशमन दलाचा, बसचा खर्च वाढला की शहराला नवं बांधकाम लागतंच. बैठकीत एखादा नगरसेवक बारा मजल्यांच्या आराखड्याकडे हसून बघतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे हे गणित असतं. त्यात लाचलुचपत शोधायची गरज नाही.

आता भाड्याकडे येतो. नवी इमारत पहिल्या दिवशी गावातली सगळ्यात महाग इमारत असते. अमेरिकेत पाच-सहा मजल्यांपर्यंत काँक्रीटच्या तळमजल्यावर लाकडी सांगाडा उभारून स्वस्तात भागतं. त्याहून वर गेलं की काँक्रीट किंवा पोलाद लागतं, आगीचे नियम कडक होतात आणि खर्च एकदम उडी मारतो. कर्जाचे हप्ते भाड्यातूनच निघायचे असतात. त्यात विद्यार्थ्यांच्या इमारतींत घर नाही, बेड भाड्याने देतात. चार बेडरूमच्या घरात चार वेगवेगळे भाडेकरार, त्यामुळे एका मोठ्या घराचं भाडं एखाद्या कुटुंबाला कधीच परवडणार नाही इतकं होतं. शहराला भाड्यावर मर्यादा घालता येत नाही, राज्याने 1991 मध्येच तशी बंदी केली आहे. 2004 मध्ये मॅडिसनने नव्या प्रकल्पांत काही घरं परवडणाऱ्या दरात ठेवण्याची सक्ती केली होती. 2006 मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने भाड्याच्या घरांपुरती ती रद्द ठरवली. त्यामुळे अशा प्रकल्पांत आता शहराच्या हातात मुख्यतः एकच उरतं: चार मजले जास्त घे आणि थोडे बेड सवलतीत दे, अशी घासाघीस. अलीकडच्या काही प्रकल्पांत ती जमली आहे. थोडे का असेना, ते बेड खऱ्या मुलांना मिळतात, म्हणून मी अशा प्रकल्पांच्या बाजूने उभा राहतो.

टेक्सासमध्ये ऑस्टिनला विद्यापीठालगतच्या वेस्ट कॅम्पस भागासाठी 2004 मध्ये वेगळे नियम झाले. उंची वाढवून दिली, बदल्यात काही घरं कमी भाड्यात ठेवायला लावली. बसने लांबून येणारी मुलं चालत वर्गात जाऊ लागली. पण ऑस्टिनमध्ये भाडी खरोखर खाली आली ती 2022 नंतर, म्हणजे सगळ्या शहरभर प्रचंड बांधकाम झाल्यावर. एका पेठेत कितीही मजले चढवले तरी सबंध गावाची तहान त्यावर भागत नाही.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मी बिल्डरांचा माणूस आहे. तसं नाही. माझं खरं दुःख तळमजल्याचं आहे. स्टेट स्ट्रीटला येऊन मिळणाऱ्या एका गल्लीत दुमजली विटांच्या इमारतीत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दारातून आत गेलं की डावीकडे लाकडी कपाट, त्याला चाळीसेक छोटे खण, आणि प्रत्येक खणावर एक नट किंवा वॉशर तारेने बांधलेला, म्हणजे आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळावं. मालक म्हातारे होते. माझ्या जुन्या सायकलीच्या पेडलचा बोल्ट त्यांनी न मोजता तिसऱ्या रांगेतून काढून दिला होता, आणि पैसे घ्यायला नको म्हणाले होते. ती इमारत पडली. त्या जागी नवी इमारत झाली, खाली नियमाप्रमाणे दुकानांसाठी गाळे ठेवले. काचा मोठ्या, छत उंच, आणि भाडं असं की त्या म्हाताऱ्यांसारखा माणूस तिथे दार उघडूच शकला नसता. दोन वर्षं त्या काचेवर गाळा भाड्याने देण्याचा फलक होता. वरचे बेड भरले की बिल्डरचं गणित सुटतं, मग गाळा रिकामा राहिला तरी त्याची झोप उडत नाही. उलट भाडं उतरवलं तर कागदावरची इमारतीची किंमत उतरते. मजले किती यावर प्लॅन कमिशनमध्ये रात्री अकरापर्यंत वाद चालतात. खालचे गाळे किती लहान असावेत, कोणाला परवडावेत, जुन्या दुकानदाराला परत यायची सोय काय, यावर दहा मिनिटंही नीट बोललं जात नाही. बैठकीत बोलायला मिळणारी माझी मिनिटं मी दर वेळी यावरच घालवतो.

नुसता विरोध करून काय होतं ते कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत दिसलं. तिथे पीपल्स पार्कच्या जागेवर सुमारे 1,100 विद्यार्थ्यांसाठी होस्टेल आणि बेघरांसाठी घरं बांधायची होती. विरोधक पर्यावरणाच्या कायद्याखाली कोर्टात गेले. 2023 मध्ये अपील न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या गोंगाटाचाही पर्यावरणावरचा परिणाम म्हणून विचार करायला हवा होता असं ठरवलं. शेवटी विधानसभेने कायदाच बदलला आणि जून 2024 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाला मोकळीक दिली. तोपर्यंत त्या मैदानाभोवती एकावर एक ठेवलेल्या मालवाहू कंटेनरांची भिंत रचलेली होती. 1969 मध्ये लोकांनी स्वतःच्या हातांनी झाडं लावलेल्या त्या जागेबद्दल मलाही हळहळ वाटते. पण विद्यार्थ्यांच्या आवाजाला प्रदूषण म्हणणं हे मला आजही बोचतं.

मुलीसाठी दोन गोष्टी सांगतो. ऑक्टोबर सुरू झाला की पुढच्या ऑगस्टचे करार सही करायची घाई सुरू होते, "शेवटचे दोन बेड" असे मेल येतात. त्या घाईत रूममेटही नीट ओळखीचे झालेले नसतात. कॅपिटॉलच्या पूर्वेकडची जुनी घरं तिला जरूर बघू द्या. थोडं लांब आहे, पण बस आणि सायकल दोन्ही चालतात.

दुसरं, मॅडिसनमध्ये बहुतेक करार 14 ऑगस्टला संपतात आणि नवे 15 ऑगस्टला सुरू होतात. मधल्या रात्री हजारो मुलांना घर नसतं. 2007 मध्ये मी आणि माझे दोन रूममेट ती रात्र भाड्याच्या ट्रकच्या मागच्या फळीवर गाद्या टाकून झोपलो होतो. रस्त्याच्या दोन्ही कडांना सोफे, टेबलं आणि दिव्यांचे ढीग पडले होते, आणि पहाटे पाऊस आला. नव्या इमारतींतही बऱ्याच ठिकाणी हाच प्रकार आहे. त्या रात्री सामान कुठे ठेवायचं आणि तिने कुठे झोपायचं, हे सही करण्याआधी घरमालकाकडून लेखी घ्यायला सांगा.