सोयाबीनचं वेळापत्रक उसाला

"मॅडम, माझ्या बरोबरीचे कुठल्या कुठे गेले." हे वाक्य मी समुपदेशनाच्या खोलीत इतक्यांदा ऐकलंय की समोरची व्यक्ती खुर्चीत टेकायच्या आधीच ते कानात वाजतं. बोलणारे बहुतेक पीएच.डी. करणारे किंवा नुकतीच संपवलेले, तिशीच्या अलीकडे-पलीकडे. मित्र अधिकारी झाले, कुणी बँकेत लागलं, कुणाचा फ्लॅट झाला. यांच्या हातात फेलोशिप, तीही प्रकल्प चालू आहे तोवर. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा वैशालीची गोष्ट सांगते. (नाव बदललंय, तिला विचारून लिहितेय.)

वैशाली कृषिविद्येची, संशोधन तणांवर. "म्हणजे गाजर गवत?" मी विचारलं आणि तिचा चेहराच पडला. सगळे एवढंच विचारतात म्हणे. तिचं काम वेगळं होतं. शेतातली माती आणायची, ट्रेमध्ये पसरायची, पाणी घालायचं. जे उगवेल ते ओळखायचं, मोजायचं, उपटायचं. माती खालीवर करून पुन्हा पाणी. महिनोन् महिने. जमिनीच्या पोटात किती तण झोपलंय, त्याचा हा हिशोब. मग तिने अमेरिकेतल्या मिशिगनच्या विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाबद्दल सांगितलं. बिया जमिनीत किती वर्षं जिवंत राहतात हे बघायला त्याने १८७९ मध्ये वाळूत बिया मिसळून २० बाटल्या पुरून ठेवल्या. त्यातली सोळावी २०२१ मध्ये उकरली, तर १४२ वर्षांनीही काही बिया रुजल्या. शेवटची बाटली २१०० साली निघायची आहे. हे सांगताना पोरगी अशी काही खुलली होती! आणि पुढच्याच श्वासाला, "पण मी ३१ ची झाले, मॅडम. आता काही होत नाही."

'होईल गं सगळं छान' म्हणणाऱ्यांतली मी नाही. माझा पिंड विवेकनिष्ठ विचारपद्धतीचा, म्हणजे मनातली समजूत पुराव्यावर घासून बघण्याचा; मी विचारते, हे कशावरून?

"शास्त्रच आहे," ती म्हणाली. "पिकाचा एक नाजूक काळ असतो. तेवढ्यात रान तणमुक्त ठेवलं तर ठेवलं. तो काळ हुकला की नंतर कितीही निंदणी करा, उत्पादन घटलेलंच."

"किती दिवसांचा?"

"सोयाबीनचा पहिला महिना-दीड महिना."

"उसाचा?"

"उसाचा लांब. तीन-चार महिने. सुरुवातीला तो हळू वाढतो ना."

"आणि कांद्याचा?"

"कांद्याची पात बारीक, जमिनीवर सावलीच पडत नाही, म्हणून त्याला..." ती थांबली. मग स्वतःच हसली. "मी सोयाबीनचं वेळापत्रक उसाला लावतेय."

मला अभिमान वाटला, नाही कशाला म्हणू. क्लायंटच्याच शास्त्रातून त्याची गाठ सोडवणं ही माझी आवडती रीत. पण पुढच्या वेळी ती आली ती तितकीच मलूल. एक तर तिच्या विचारात तथ्यही होतं. कृषी संशोधन सेवेच्या परीक्षेला खुल्या गटासाठी तेव्हा ३२ ची अट होती. ते दार वयाने खरंच बंद होतं. अशा वेळी समुपदेशकाने गोड बोलू नये. कुठली मुदत कागदावर आहे आणि कुठली फक्त डोक्यात, हे वेगळं करून घ्यावं. आम्ही तसं केलं. कागदावरची एकच निघाली.

तरीही ओझं हललं नाही. तेव्हा मी विचारलं, "उशीर झाला तो कुणाला?"

ती बराच वेळ पर्सच्या चेनशी खेळत राहिली. मग बोलली. दोन वर्षांपूर्वी आई तिचा प्रयोग बघायला आली होती. आईचं आयुष्य दुसऱ्यांच्या रानात निंदण्यात गेलेलं. वैशाली रजिस्टर आणायला गेली, परत येते तो आई एका वाफ्यात उकिडवी बसलेली, हातात मूठभर केना आणि कुर्डू. तो वाफा मुद्दाम तण राखलेला, तुलनेसाठी. "हात लावू नको!" वैशाली किंचाळली, मजुरांसमोर. आईने मूठ तशीच धरून ठेवली. टाकू की ठेवू, तिला कळेना.

"आई तण काढून मला शिकवते आणि मी तण वाढवते," वैशाली म्हणाली आणि रडली.

तिथे मला लख्ख दिसलं. बरोबरीचे मित्र हे निमित्त होतं. तिच्या हिशोबात देणं आईचं होतं, आणि ते किती, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. न विचारलेलं देणं फेडताच येत नाही, ते नुसतं वाढतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी हल्ली हाच गृहपाठ देते: ज्या माणसासाठी उशीर झाला असं वाटतं, त्याच्यापाशी जा आणि नेमकं काय हवंय ते विचारा. आकडा मागा. निम्मे जण जातच नाहीत, हेही सांगून ठेवते.

वैशाली गेली. आई म्हणाली, "गुडघं दुखत्यात. दिवाळीपासनं निंदायला जायचं नाही, एवढंच." म्हणजे आईची मजुरी जेवढी बुडेल तेवढे पैसे महिन्याला. डोंगराएवढ्या अपराधीपणाचा असा चारआकडी हिशोब निघाला. त्यानंतर निर्णय सोपे नव्हते, पण करता येण्याजोगे झाले. शेवटची परीक्षा तिने दिली, नाही निघाली. चार दिवस वाईट गेले. आता एका कृषी विज्ञान केंद्रात कंत्राटावर आहे आणि संध्याकाळी प्रबंधातल्या आकड्यांवरून शोधनिबंध लिहितेय.

परवा फोनवर सांगत होती, आईला पुन्हा प्रयोग दाखवायला नेलं. या वेळी त्या वाफ्यापुढे पाटी लावली होती: 'इथले तण काढू नये.' आईने एकेक अक्षर लावत वाचली आणि म्हणाली,

"एवढं लिव्हायला इतकी वर्सं शिकलीस व्हय?"