प्लॅनने औषध वगळलं, म्हणून रोख भरत राहायचं का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. वडील ७६ वर्षांचे, अमेरिकन नागरिक. मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) आहे, औषधांसाठी वेगळा पार्ट डी प्लॅन आहे. मधुमेहासाठी ते ट्रॅजेंटा घेतात. जानेवारीत फार्मसीत सांगितलं, हे औषध आता तुमच्या प्लॅनमध्ये बसत नाही. तेव्हापासून दरमहा पाचशेच्या आसपास डॉलर रोख भरतोय. २०२६ मध्ये खिशातून होणाऱ्या खर्चाला २,१०० डॉलरची मर्यादा आहे ना? मग ती ओलांडली की औषध फुकट मिळेल का? भाऊ म्हणतो, पुण्याहूनच मागवू.

उत्तर : नाही मिळणार. मर्यादा खरी आहे. २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टमुळे ती आली, गेल्या वर्षी २,००० होती. पण तिच्यात धरला जातो तो प्लॅनने मान्य केलेल्या औषधांचा खर्च. यादीबाहेरच्या औषधावर दहा हजार घातलेत तरी तुमच्या खात्यात शून्यच. पुण्याच्या बिलाचंही तेच. ट्रॅजेंटातलं औषध, लिनाग्लिप्टिन, तिकडे स्वस्त आहे, मान्य; पण ते पार्सलने मागवणं इथल्या कायद्यात बसत नाही, आणि कस्टम्सने अडवलं तर वडील औषधाविना राहतील.

मुख्य म्हणजे, फार्मसीच्या काउंटरवरचा नकार हा कायद्याच्या लेखी नकारच नव्हे. त्यावर अपील होत नाही. आधी प्लॅनकडे ‘कव्हरेज डिटरमिनेशन’ मागायचं, म्हणजे लेखी निर्णय. तुम्ही चार महिने भांडताय फार्मसिस्टशी, आणि प्लॅनकडे अजून अर्जच नाही!

त्याआधी डॉक्टरांना एक विचारा : मधुमेहाचंच दुसरं औषध, जानुव्हिया, चालेल का? सरकारने वाटाघाटी करून किंमत ठरवलेल्या पहिल्या दहा औषधांत ते आहे. महिन्याची ठरलेली किंमत ११३ डॉलर, आणि यंदा प्रत्येक पार्ट डी प्लॅनला ते यादीत ठेवावंच लागतं. चालत असेल तर प्रकरण तिथेच मिटलं.

चालत नसेल तर ‘फॉर्म्युलरी एक्सेप्शन’ मागा, म्हणजे यादीबाहेरचं औषध अपवाद म्हणून मान्य करा, असा अर्ज. सगळी मदार डॉक्टरांच्या पत्रावर. ‘पेशंटला या औषधाने बरं वाटतं’ एवढ्यावर भागत नाही. यादीतली औषधं कमी गुणकारी ठरतील किंवा अपाय करतील, हे कारणांसह हवं : पूर्वी कोणतं औषध दिलं, किती दिवस, साखर कितीवर गेली, किडनीचे रिपोर्ट काय सांगतात. किडनी कमजोर असली तरी ट्रॅजेंटाचा डोस बदलावा लागत नाही, म्हणून हा मुद्दा नेहमी निघतो. तो वडिलांना लागू आहे का, ते डॉक्टर सांगतील. माझा तो प्रांत नाही.

प्लॅनला ७२ तासांत निर्णय द्यावा लागतो, तब्येतीला धोका असेल तर २४ तासांत. मात्र घड्याळ सुरू होतं डॉक्टरांचं पत्र पोचल्यावर, तेव्हा क्लिनिकच्या मागे लागा. नकार आला तर ६५ दिवसांत अपील करता येतं; त्यावर सात दिवसांत उत्तर. मंजुरी मिळाली तर सहसा वर्षअखेरपर्यंत चालते, आणि तुमचा हिस्सा २,१०० मध्ये धरला जातो.

भरलेल्या पैशांच्या पावत्या फेकू नका. परताव्याचा अर्ज वेगळा करा. नव्या वर्षात औषध यादीतून गेलं, तर पहिल्या ९० दिवसांत निदान एका महिन्याचा पुरवठा प्लॅनने द्यायचा असतो. तो मिळाला नाही, हेही अर्जात लिहा.

प्लॅन तुमच्याशी बोलणार नाही. वडिलांच्या सहीचा प्रतिनिधी नेमण्याचा फॉर्म द्यावा लागेल. डॉक्टर मात्र त्याशिवाय अर्ज करू शकतात.

वडिलांचं उत्पन्न मर्यादेत असेल तर न्यू जर्सीच्या ‘पाड’ (PAAD) या औषधखर्चात मदत करणाऱ्या योजनेत नाव घाला. यादीतल्या ब्रँडेड औषधाला ७ डॉलर, जेनेरिकला ५. शिवाय या योजनेत असलेल्यांना वर्षाच्या मध्येच एकदा पार्ट डी प्लॅन बदलता येतो. नाहीतर प्लॅन बदलायला १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या मुदतीची वाट पाहावी लागेल. ट्रॅजेंटा वाटाघाटीच्या दुसऱ्या यादीत आहे, त्यामुळे १ जानेवारी २०२७ पासून प्रत्येक प्लॅनला तेही ठेवावं लागेल. तुमचा झगडा फक्त डिसेंबरपर्यंतचा आहे.