वजन कमी करण्यासाठी पोटाचं ऑपरेशन करावं का, आणि नंतर काय काय सोसावं लागतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४१, दोन वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या, डाएट करून तीनदा वजन उतरवलं आणि तीनदा ते व्याजासकट परत आलं. डॉक्टर म्हणतात बेरिॲट्रिक ऑपरेशन करा. घरचे म्हणतात, तोंडावर ताबा ठेवायचा सोडून पोट कशाला कापून घ्यायचं? तर करावं का, आणि केलं तर किती दिवस अंथरुणात जातील?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून आधी देते. अंथरुणात जवळजवळ एकही दिवस जात नाही. सकाळी माझं ऑपरेशन झालं आणि संध्याकाळी नर्सने मला उठवून चालायला लावलं. मी तिच्यावर मनातल्या मनात जाम चिडले होते. तिसऱ्या दिवशी घरी आले, अडीच आठवड्यांनी खुर्चीतलं काम सुरू केलं. जड उचलायला मात्र सहा आठवडे बंदी होती. पण हे दिवस मोजून निर्णय घेऊ नका. ते ऑफिसात रजेचा अर्ज लिहायला उपयोगी. ठरवायचं आहे ते पाचव्या वर्षाकडे बघून, कारण पहिल्या वर्षी हे ऑपरेशन जवळजवळ प्रत्येकाला जादूसारखं वाटतं.

मला सहा वर्षं झाली. माझी उंची १६२ सेंटिमीटर आणि तेव्हाचं वजन ११८ किलो. दीड वर्षात ८२ वर आले, आज ८९ आहे. हे सात किलो परत आलेत ते मुद्दाम सांगते, कारण मला आधी भेटलेल्या कुणीच स्वतःचे परत आलेले किलो सांगितले नव्हते.

आता घरच्यांच्या बोलण्याबद्दल. 'शॉर्टकट' हा शब्द मीही ऐकलाय, माझ्या नणंदेकडून, माझ्याच घरात. वजन उतरलं की शरीर स्वस्थ बसत नाही. पोटाच्या वरच्या भागात घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक तयार होतं, ते डाएटनंतर वाढतं. पोट भरल्याची जाणीव देणारे संदेश मंदावतात. म्हणजे तुम्ही तीनदा हरलात ते तोंडाच्या चवीपुढे नाही. मी २० किलो उतरवले होते तेव्हा रात्री दोन वाजता भुकेने जाग यायची. तो हावरटपणा नव्हता, खरोखरची भूक होती.

स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनात पोटाचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. घ्रेलिन बनवणारा भागही त्यातच जातो. दुसरं ऑपरेशन गॅस्ट्रिक बायपास. त्यात वरती अंदाजे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्ही दुर्बिणीतून होतात, पोटावर चार-पाच बारीक छेद. पोटाला पट्टा बांधायचं ऑपरेशन आता फारसं कुणी करत नाही.

पात्रतेचा जुना निकष १९९१ चा होता: बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत एखादा आजार. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या दोन मोठ्या संघटनांनी तो बदलला. आता ३५ असेल तर इतर आजार नसले तरी चालतं, ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा आजार असेल तर विचार करतात, आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी २७.५ पासूनच हा पर्याय धरावा असं म्हटलंय. तुम्ही कोणत्याही निकषात बसता. पण बसता म्हणून करायलाच हवं असं नाही.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दलही विचारून घ्या. सहा वर्षांपूर्वी माझ्यापुढे हा पर्याय नव्हता. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने २० टक्क्यांच्या आसपास. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे तेही आयुष्यभराचंच काम. ऑपरेशनचा जमेचा मुद्दा असा की त्याचे दीर्घकाळाचे आकडे हातात आहेत. स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशन केलेल्या आणि न केलेल्या, मिळून चार हजारांवर लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली होती. बायपासवाल्यांचं वजन पहिल्या दोन वर्षांत ३२ टक्क्यांपर्यंत उतरलं आणि दहा वर्षांनी २५ टक्के उतरलेलं होतं. थोडं परत येतंच, सगळं येत नाही. ऑपरेशन केलेल्यांमध्ये मृत्यूही कमी होते.

आता माझी चूक. पहिल्या भेटीत सर्जननी विचारलं, छातीत जळजळ होते का? मी म्हणाले, 'होते कधीतरी, कुणाला होत नाही?' खरं तर आठवड्यातून तीन-चार रात्री मी दोन उशा घेऊन झोपत होते. मला भीती होती की जास्त सांगितलं तर ऑपरेशन लांबेल. ज्या रुग्णालयात गेले तिथे एंडोस्कोपीचा आग्रह कुणी धरला नाही आणि मीही काढता पाय घेतला. स्लीव्ह झाली. आणि स्लीव्हनंतर जळजळ वाढू शकते, कारण त्या अरुंद नळीत दाब जास्त असतो आणि आम्ल वर ढकललं जातं. आज मी रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेते. माझ्यासारख्या बाईला बहुतेक बायपास सुचवला असता. त्यामुळे तुम्ही जे जे लपवण्याइतकं किरकोळ समजता ते आधी सांगा: घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सिगारेट, दारू, रात्रीचं चोरून खाणं, मनावरची औषधं. मानसोपचारतज्ज्ञाची भेट ठेवली तर परीक्षा समजून घाबरू नका. माझ्या वॉर्डात एक बाई होत्या, खाणं हेच त्यांचं दुःखावरचं औषध होतं. ते औषध एका दिवसात काढून घेतलं की दुःखाचं काय करायचं, हे आधी ठरलेलं बरं. ऑपरेशननंतर काही जणांचं दारूचं प्रमाण वाढतं, काहींना नैराश्य येतं, हे नीट नोंदलं गेलेलं आहे.

ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे मला कमी कॅलरीचं पातळ खाणं दिलं होतं. ते वजनासाठी नसतं, यकृत आकसावं म्हणून असतं. पोटावर पसरलेलं चरबीचं यकृत दुर्बिणीच्या वाटेत येतं. हे कळल्यावर मी चोरून काही खाल्लं नाही, नाहीतर माझा काही भरवसा नव्हता.

शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा डावा खांदा जास्त दुखत होता. पोट फुगवायला जो कार्बन डायऑक्साइड भरतात तो छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली राहतो आणि कळ खांद्यात उमटते. चाललं की कमी होते, दोन-तीन दिवसांत जाते. चालवतात ते आणखी एका कारणासाठी: पायातल्या रक्ताच्या गुठळ्या. त्या आणि टाक्यांच्या रेषेतून गळती, या दोन गोष्टींना सर्जन सर्वांत जास्त घाबरतात. दोन्ही क्वचित होतात, पण झाल्या तर तास मोजावे लागतात. घरी आल्यावर नाडी १२० च्या वर राहिली, ताप आला, दम लागला, पोट किंवा खांदा कमी होण्याऐवजी जास्त दुखू लागला किंवा एका पिंढरीला सूज आली, तर सकाळची वाट बघू नका.

खाण्याचं म्हणाल तर पहिला आठवडा मला औषधाचा तो प्लास्टिकचा छोटा कप आठवतो, ३० मिलिलिटरचा. मी पाणी त्यातून प्यायचे. एक घोट, थांबायचं, छातीच्या मधोमध तो घोट खाली सरकताना जाणवायचा, मग दुसरा. एक कप संपायला पंधरा मिनिटं. दिवसाला दीड लिटर प्यायचं म्हणजे दिवसभर तेच काम. डिस्चार्जनंतर लोक परत भरती होतात ते बरेचदा पाणी कमी पडल्यामुळे, त्यामुळे हे कंटाळवाणं काम मनावर घ्या. मग साधारण दोन आठवडे पातळ, पुढचे दोन मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि सहा-आठ आठवड्यांनी नेहमीचं घन अन्न. वेळापत्रक प्रत्येक ठिकाणी थोडं वेगळं असतं, तुमच्या डाएटिशियनचं ऐका. प्रोटीन रोज किमान ६० ग्रॅम, ताटात आधी ते. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही.

सातव्या आठवड्यात मी फोनवर बोलत बोलत अंड्याचा एक मोठा घास गिळला. तो अडकला. तोंडात लाळेचा फेस येत होता, छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं, बोलता येईना. वीस मिनिटांनी तो घास जसाच्या तसा बाहेर आला. त्या दिवसापासून जेवताना फोन दुसऱ्या खोलीत असतो. अधूनमधून असं होणं वेगळं. पण उलट्या थांबतच नसतील तर तडक डॉक्टरांकडे जा आणि बी१ जीवनसत्त्वाचा विषय स्वतः काढा, कारण त्याच्या कमतरतेने मेंदूला इजा होते आणि ती भरून येईलच असं नाही.

तुमच्या मधुमेहाच्या गोळ्यांचं आधीच ठरवून घ्या. साखर काही दिवसांतच खाली येऊ लागते. जुन्याच डोसने साखर धोकादायक पातळीला उतरू शकते, विशेषतः इन्सुलिन किंवा तशा गोळ्या असतील तर.

तिसऱ्या महिन्यात केस गळायला लागले. न्हाणीघराच्या जाळीवर रोज एक गुंता. हे वजन झपाट्याने उतरल्यामुळे होतं, सहा-आठ महिन्यांनी थांबतं आणि केस परत येतात. महागडी तेलं आणू नका, मी आणली. पित्ताशयात खडे होऊ शकतात, त्यासाठी काही डॉक्टर सहा महिने एक गोळी देतात. कातडी लोंबते, व्यायामाने पूर्ण आवळत नाही. बाळ हवं असेल तर निदान १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. वजन उतरल्यावर दिवस राहण्याची शक्यता वाढते आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही, तेव्हा दुसरी सोय आधी करा. बायपासवाल्यांनी दुखण्यावरच्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आणि सिगारेट कायमची सोडायची, जोडाच्या जागी अल्सर होतो.

आणि जीवनसत्त्वं. हे आयुष्यभर. मल्टिव्हिटॅमिन, बी१२, लोह, कॅल्शियम, डी. कॅल्शियम आणि लोह एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास. दुसऱ्या वर्षी मी ठणठणीत होते, नवे कपडे घेत होते, आणि गोळ्या हळूहळू बंद पडल्या. आठ महिन्यांनी तळपायांना मुंग्या यायला लागल्या, जिना चढून थांबावं लागायचं. बी१२ तळाला गेलं होतं. त्यात ॲसिडिटीच्या गोळीनेही बी१२ कमी शोषलं जातं, म्हणजे माझी पहिली चूक दुसऱ्या चुकीला मिळाली. इंजेक्शनांनी सावरले. आता वर्षातून एकदा रक्त तपासते, बिल भरतात तितक्याच नेमाने.

पाचव्या वर्षाचं म्हणाले ते हे. भूक साधारण दीड वर्षाने परत आली. पूर्वीइतकी नाही, पण आली. त्या शांत दीड वर्षात मी सावकाश जेवायला, आधी प्रोटीन घ्यायला आणि चालायला शिकले ते टिकलं. रात्री टीव्हीसमोर काहीबाही चघळायचं मोडायचं राहिलं, तेच सात किलो घेऊन आलं. मऊ आणि गोड पदार्थ छोट्या पोटातूनही बिनबोभाट सरकतात.

तुमच्या जागी मी असते तर केलं असतं. बीएमआय ४१ आहे, मधुमेह अजून दोनच वर्षांचा आहे, आणि तो जितका नवा तितकी साखर गोळ्यांशिवाय आटोक्यात राहण्याची शक्यता जास्त. घरच्यांना डाएटिशियनच्या भेटीला सोबत न्या. माझा नवरा तिथे गप्प बसला आणि घरी येऊन म्हणाला, 'हा शॉर्टकट असेल तर लांबचा रस्ता कसला असेल?'

तुमच्या प्रश्नात जळजळीबद्दल एक शब्दही नाहीये. रात्री उशा किती घेता?