मर किती, ते आधी विचार

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज आणि सोबत पाठवलेले उद्यानविद्येच्या तीन अभ्यासभेटींचे रिपोर्ट वाचले. घोडबंदर रोडची नर्सरी, खारघरमधल्या सोसायटीची पोडियमवरची, म्हणजे इमारतीच्या स्लॅबवरची, बाग आणि निर्यातीच्या आंब्यावर किरण सोडून कीड निकामी करणारं वाशीचं पणन मंडळाचं विकिरण केंद्र. तिन्ही आवडलं म्हणून आता कशाच्या मागे लागावं ते कळेना, आणि घरचे एमपीएससीचं टुमणं लावून बसलेत. गोंधळ कळला. पण रिपोर्ट दुसऱ्यांदा चाळताना खटकलं ते निराळंच. जातींची यादी आहे, क्षेत्रफळ आहे, मालकासोबतचा ग्रुप फोटोही आहे. मर किती, म्हणजे लावलेल्यांपैकी मेली किती, हे एकाही पानावर नाही.

भेटीच्या दिवशी विद्यार्थ्यांना जगलेली रोपं दाखवतात. मेलेली शेडनेटच्या मागे, पिशव्यांसकट ढिगात पडलेली असतात. तो ढीग बघितला नाहीस तर नर्सरी बघितलीच नाहीस. शंभर कलमं बांधून साठ लागली, तर उरलेल्या चाळीसांची काडी, पिशवी, माती आणि बांधणाऱ्याची मजुरी त्या साठांच्या किमतीतूनच निघायला हवी. धंदा तरतो की बुडतो ते तिथे ठरतं. शिवाय मर विचारली की माणूसही कळतो. "यंदा हवामानच खराब" एवढंच म्हणणाऱ्याकडे इंटर्नशिप धरू नकोस. "अमुक आठवड्यात बांधलेल्यांना पट्टी सैल बसली" असं सांगणारा भेटला, तर त्याच्याकडे झाडलोट करायला लागली तरी राहा.

आता हाताने करायचं ते. कोय कलम, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधणं, तुला शिकवलंय, पेपरात आकृतीही काढली असशील. यंदा गच्चीवर पन्नास बांध. खुंटासाठी, म्हणजे खालच्या रोपासाठी, रायवळ या गावठी आंब्याच्या कोयी घे. कोयीची उगवण फार लवकर जाते, फळातून काढल्यावर तीन-चार आठवड्यांत ती मातीत गेली पाहिजे. आधी पाण्यात टाक; तरंगतील त्या बाद, पण फेकण्याआधी मोज. मर तिथपासूनच सुरू होते.

रोप साधारण 15-20 दिवसांचं, पानं तांबूस आणि खोड लुसलुशीत असतानाच बांधायचं. पानं हिरवी झाली की वेळ गेली. काडी तीन-चार महिने वयाची, 10 ते 15 सेंटीमीटर लांब, टोकाचा डोळा फुगलेला पण न फुटलेला. तिची पानं आठ-दहा दिवस आधी झाडावरच छाटायची, देठ ठेवून. म्हणजे डोळा फुगतो. खुंट वरून छाटून मधोमध 3-4 सेंटीमीटरची उभी चीर द्यायची, काडीला तेवढीच दोन्ही बाजूंनी पाचर. जाडी जुळली नाही तर निदान एका बाजूला सालीला साल भिडली पाहिजे. मग दोन सेंटीमीटर रुंद प्लास्टिकची पट्टी, खालून वर, घट्ट.

इथपर्यंत पुस्तकात आहे. माझा आग्रह पुढच्या कामाचा. प्रत्येक पिशवीला नंबर दे. वहीत तारीख, काडी कुठल्या झाडाची, ती काढल्यापासून बांधेपर्यंत किती तास गेले, बांधताना पाऊस होता का, एवढं लिही. लागलेल्या कलमाचा डोळा 15-20 दिवसांत हलतो. जे लागलं नाही ते फेकू नकोस, पट्टी सोडून बघ. काडी काळी पडलीय आणि सांध्यात पाणी आहे? पट्टी वर उघडी राहिली, पाऊस आत गेला. काडी सुरकुतली, सांधा कोरडा? आणताना वाळली, ओल्या फडक्यात गुंडाळून आणायला हवी होती. काडी फुटली, दोन पानं टाकली आणि मग मान टाकली? ती आपल्याच साठ्यावर फुटली होती, सांधा जुळलाच नव्हता. हा तिसरा प्रकार सगळ्यात लबाड, कारण विसाव्या दिवशी ते कलम 'लागलं' म्हणून मोजलं जातं. म्हणून दोन महिन्यांनी पुन्हा मोजायचं. आणि मोजताना वाकून बघ, फूट सांध्याच्या वरची आहे की खालची. खालची असेल तर हापूस मेलाय आणि रायवळ डोलतोय. अशी रोपंही हापूस म्हणून विकली जातात. फळरोपवाटिकांसाठी 1969 चा कायदा आहे, परवाना लागतो, पण गिऱ्हाईक वाकून बघत नाही तोवर परवाना भिंतीवर टांगलेला राहतो.

खारघरच्या बागेबद्दल तू लिहिलंस की 'अतिशय सुंदर नियोजन'. कशावरून? पोडियमवरची बाग म्हणजे स्लॅबवर पसरलेली माती. लॉनला 20-30 सेंटीमीटर चालते, झुडपांना 45 ते 60 हवी, झाड लावायचं तर मीटरभर. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या वर भरते, म्हणून बिल्डर खोली कापतो आणि चित्रात मात्र झाडं तशीच राहतात. मातीखाली ड्रेनसेल, म्हणजे पाणी वाहून जायला पोकळ प्लास्टिकचा थर, त्यावर माती अडवणारं जिओटेक्स्टाइलचं कापड, आणि शेवटी पाणी बाहेर नेणारी जाळी. ती जाळी तुंबली की वरून बाग हिरवीगार, खाली मुळं कुजलेली. गणपतीच्या सुमारास झाडं एकदम गळतात आणि माळ्याला शिव्या बसतात. माळ्याला विचारलं असतंस तर त्याने जाळी उघडून दाखवली असती. त्याच्याशी बोललीस का? रिपोर्टमध्ये फक्त आर्किटेक्ट आहेत.

मेलेल्या रोपाचा पंचनामा करायला काही प्रयोगशाळा लागत नाही. बादली, कात्री, धारदार चाकू, झालं. रोप उपटायचं नाही, मुळांभोवतीच्या मातीच्या गड्ड्यासकट काढायचं. आधी वास घे. सडक्या अंड्यासारखा आला तर पाणी साचून आत हवाच राहिली नव्हती. मग गड्डा बादलीत धू. पांढरी टोकं म्हणजे जिवंत मूळ. तपकिरी मूळ दोन बोटांत धरून ओढ. वरची साल मोज्यासारखी सुटून आत दोरा राहिला तर कुज. मुळं पिशवीच्या आकारात गोल गोल फिरलेली असतील तर रोप नर्सरीतच म्हातारं झालं होतं, लावणाऱ्याचा दोष नाही. शेवटी खोड जमिनीलगत तिरकं काप, आतलं तपकिरी वर्तुळ बघ. आपल्याकडे ट्रकने येणारा बराच माल आंध्रातल्या कडियमचा. गोदावरीकाठच्या चिकण गाळाचा गड्डा आपल्या लाल मातीत तसाच ठेवला की पावसात तो पाणी धरून बसतो आणि उन्हाळ्यात विटेसारखा होतो. लावताना कडेने सैल करायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं कोणी देत नाही, म्हणून मी साइटवर आवाज चढवतो. त्यापायी लोक खवट म्हणतात, अपशकुनीही म्हणतात. म्हणोत. वर्षभर देखभाल आणि मेलेलं बदलून देण्याची अट ठेक्यात असते. नांग्या भरत, म्हणजे मेलेल्यांच्या जागी नवी लावत, बसलं की नफा तिथेच जातो, आणि तरी मर मोजणारा माणूसच ठेकेदारांना नकोसा होतो! माझ्या पिढीला ही वही ठेवायची सवय कोणी लावली नाही, याची हळहळ मला आहे, म्हणून तुझ्या मागे लागलोय.

नवी मुंबईत आणखी एक बघ. खाडी भरून केलेल्या जागेत वर मुरूम आणि खाली खारी चिकणमाती असते. पावसात सगळं लागतं, मग मार्च-एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपतात, कारण उन्हाने पाणी वर ओढलं जातं आणि मीठ सोबत येतं. माळी पाणी कमी पडलं म्हणतो, आणि बोअरचं खारं पाणी वाढवतो. माती तपासून घे. माती पाण्यात कालवून काढलेल्या अर्कातली क्षारता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली तर ती खारी जमीन. तिथे उंडी, करंज, भेंडीचं झाड (भाजीची भेंडी नव्हे) टिकतं. कॅटलॉगमधलं जे सुंदर दिसतं ते नाही.

वाशीचं थोडक्यात. अमेरिकेच्या आंब्याला किमान 400 ग्रे विकिरण, युरोपच्या आंब्याला 48 अंशांच्या पाण्यात तासभर, हे आकडे तू बरोबर लिहिलेस. पण बाद झालेल्या फळांचं काय? देठ तुटून चीक सांडलेली किती, करपा किती, देठकूज किती? साका, म्हणजे आतून नासलेला गर, तर बाहेरून दिसतच नाही, फळ कापावं लागतं. फळ बाजारात पहाटे जा, पेट्या उघडतात तिथे उभी राहा, बाजूला टाकलेलं फळ उचलून कारण विचार. ते कारण बागेत काढणीच्या वेळचं असतं, तेव्हा पुढची भेट रत्नागिरीच्या बागेत आहे.

परीक्षेचं म्हणशील तर द्यायची तर दे, माझा विरोध नाही. पण महापालिकेच्या उद्यान विभागात गेलीस तरी हेच पुढ्यात येणार. शहरांतल्या झाडांच्या जतनाच्या राज्य कायद्यात 2021 ला झालेल्या दुरुस्तीनंतर झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची आहेत. लावल्याचे फोटो ढिगाने येतील. जगलेली कोण मोजणार, ते मला सांग.

यांतलं कुठलं काम तुझं, ते आवडीवरून ठरवू नकोस. आवडीचं तर तू तिन्ही ठिकाणचं लिहून पाठवलंस. कुठली मर बघून तुला चैन पडत नाही, ते बघ. कलम न लागल्याने झोप उडाली तर नर्सरी. तुंबलेली जाळी बघून हात शिवशिवले तर बागा. बाजूला टाकलेली पेटी बघून चिडलीस तर निर्यात.

रायवळच्या कोयी या आठवड्यातच जमव, पुढच्या महिन्यात त्या उगवणार नाहीत. खारघरला गणपतीनंतर परत जा, यावेळी आर्किटेक्टशिवाय. मला रिपोर्ट नको, मेलेल्यांची यादी पाठव: जात, जागा, तारीख, कारण. कारण सापडलं नाही तिथे रकाना मोकळा सोड, अंदाजाने भरू नकोस.