२०२१ चं फॉर्म्युला वन विजेतेपद पंचांनी ठरवलं का?

अख्खं विजेतेपद नाही म्हणणार, पण शेवटची फेरी पंचांनीच घडवली, होय की. १२ डिसेंबर २०२१, अबुधाबी. मोसमातली शेवटची शर्यत, हॅमिल्टन आणि वर्स्टापेन या दोन चालकांचे सारखेच ३६९.५ गुण. ५८ पैकी ५३ व्या फेरीत लतिफी हा दुसरा एक चालक भिंतीवर आदळला, सेफ्टी कार आली, म्हणजे सगळ्यांना हळू चालवत रांगेत ठेवणारी गाडी. वर्स्टापेननं आत थांबून नवे सॉफ्ट, म्हणजे जास्त वेगाचे टायर चढवले. पुढे असलेला हॅमिल्टन जुन्या हार्ड टायरवरच राहिला. टायर बदलायला आत गेला असता तर पहिला नंबर गेला असता.

गोम पुढे आहे. रेस डायरेक्टर, म्हणजे शर्यतीचे मुख्य पंच, मायकेल मासींनी फेरीनं मागे पडलेल्या आठ गाड्यांपैकी फक्त या दोघांमधल्या पाच पुढे सोडल्या, आणि नियमातली जादा फेरी न थांबता सेफ्टी कार आत बोलावली. शेवटच्या फेरीत वर्स्टापेननं हॅमिल्टनला मागे टाकलं आणि विजेतेपद घेतलं. आमच्या निपाणी-चिकोडीकडच्या बैलगाडी शर्यतीत पंचानं एकाच गाडीपुरती वाट मोकळी केली असती, तर माणसं मैदानात उतरली असती!

हॅमिल्टनच्या मर्सिडीज संघाची तक्रार फेटाळली गेली. २०२२ च्या अहवालात एफआयएनं, म्हणजे मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेनं, मानवी चूक मानली, निकाल कायम ठेवला. मासींचं पद त्याआधीच गेलं होतं. तरी त्या मोसमात वर्स्टापेननं दहा शर्यती जिंकल्या आणि हॅमिल्टननं आठ, हे बेळगावातले हॅमिल्टनवाले सोयीनं विसरतात.